केळीच्या खांबातला छरा

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे सांगताना मी अडखळतो. सावद्याच्या बाजूला घडलेली ही एक घटना मात्र जशीच्या तशी राहिली आहे. तिच्यातल्या माणसांची नावे मी देणार नाही. ती आजही त्याच गावात, बांधाला बांध लावून शेती करतात.

मी धुळे जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावचा. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. घरात पदवी घेतलेला मी पहिला. धुळ्याच्या कॉलेजातील विज्ञानाच्या एका सरांनी परीक्षेच्या काळात मला स्वतःच्या घरी ठेवून घेतले, त्यांच्या घरचे जेवण जेवून मी अभ्यास केला. हे ऋण मी कधी विसरलो नाही. प्रयोगवहीत मी शेजाऱ्याचे आकडे उतरवताना दिसलो की ते म्हणत, "स्वतः बघ, मग लिही." पुढे खाकी अंगावर आली तरी ही सवय गेली नाही.

आमच्याकडे बाजरी आणि कापूस. केळी म्हणजे सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधायचे चार खांब, एवढीच माझी ओळख. त्यामुळे बदली होऊन केळीच्या पट्ट्यात आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. चोरीच्या तपासासाठी बागेत शिरलो आणि बाहेर आलो तो शर्टावर तपकिरी ठिपके घेऊन. बायकोने तीनदा धुतला, ठिपके आणखी काळे पडले. आमचे हवालदार माझ्याच जिल्ह्यातले, पण या भागात मुरलेले. ते हसून म्हणाले, "साहेब, हाऊ केळना चीक शे. शर्ट फाटी जाई, पन डाग नही जावाव."

घटना घडली तो केळीच्या कापणीचा हंगाम होता. सकाळचे काम नुकतेच सुरू झाले होते. ठाणे अंमलदाराने रात्रपाळीच्या नोंदी माझ्यापुढे ठेवल्या होत्या, तेवढ्यात फोन आला. पलीकडचा माणूस धापा टाकत होता.

"साहेब, आमच्या भाऊंना छरा लागला. शेजारच्या आबांनी बंदूक मारली. मी गाडीतून जळगावला घेऊन चाललोय. तुम्ही शेतावर माणसं पाठवा."

फोन करणारा हा जखमीचा धाकटा भाऊ. मी या दोघांना इथे थोरला आणि धाकटा असेच म्हणणार आहे. थोरला चाळिशीचा, बाग सांभाळणारा. धाकटा तिशीतला, शिकलेला, गावात ठिबकच्या सामानाचे दुकान चालवणारा. ज्यांच्यावर आरोप होता ते आबा म्हणजे सत्तरी ओलांडलेले शेजारी. दोन्ही घरांत बांधावरून जुना वाद होता. एकमेकांच्या लग्नालाही ती जात नसत.

मी हवालदारांना घेऊन शेतावर गेलो. केळी कापणारी टोळी हातातले काम टाकून बांधावर बसली होती. थोरला पडला होता ती जागा बागेच्या कडेला, पंपाच्या खोलीजवळ होती. मोटार चालू करायला तो तिकडे गेला होता. तिथून पुढे उभी केळी, मग नाला आणि नाल्यापलीकडे आबांचे शेत. टेप लावून अंतर घेतले, पंचनामा केला. टोळीतल्या एका बाईचा जबाब मला अजून आठवतो.

"आबाच्या वावरातून फट आवाज आला अन् इकडं भाऊ आरडले. आम्ही पळत आलो तं धाकटे भाऊ तेथीच बसेल होते. भाऊचं डोकं मांडीवर घेऊन."

"आबा दिसले का बंदूक मारताना?"

"केळीतून काय दिसतं, साहेब? पण आबा रोजच मारतात. वानरांवर."

त्या भागात वानरांचा त्रास मोठा. बागेत वानरांची टोळी शिरली की घडच्या घड नासतात. म्हणून पुष्कळ शेतकऱ्यांकडे छऱ्याची बंदूक असते. ठरावीक ताकदीच्या आतल्या अशा बंदुकीला परवाना लागत नाही. वानर मरत नाही, चटका बसून पळते.

आबांच्या घरी गेलो तेव्हा ते ओसरीवर बसून होते. बंदूक समोर खाटेवर ठेवलेली. आम्हाला पाहून ते उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "या साहेब. मी तुमचीच वाट पाहून राह्यलो व्हतो. हे घ्या. माझ्याच हातून झालं."

"काय झालं, ते नीट सांगा."

"वानरं आले व्हते. दोन छरे मारले. दुसऱ्या छऱ्याले तिकडून आरडा आला. मले तवाच कळलं." थोडे थांबून त्यांनी विचारले, "तो बरा होईन ना, साहेब?"

मी आबांना ताब्यात घेतले. गुन्हा नोंदवला, अटक केली, न्यायालयासमोर उभे केले. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. यातले काहीही चुकीचे नव्हते. फिर्याद होती, भांडण होते, बंदूक होती. जखमी बेशुद्ध होता आणि डॉक्टर खात्री देत नव्हते. तो दगावला असता तर आबांवरचा गुन्हा थेट मनुष्यवधाचा झाला असता. त्या वयाचा माणूस तुरुंगातून पुन्हा घरी परतला नसता.

मात्र कोठडीत आबांशी बोलताना मला काहीतरी खटकत होते. माझा अनुभव असा की आरोपी आपला गुन्हा लहान करून सांगतो. मारले असेल तर ढकलले म्हणतो, ढकलले असेल तर धक्का लागला म्हणतो. आबा उलट करत होते. मी विचारले, नेम कुठे धरला होता? तर म्हणाले, "वानरावर धरला व्हता. पण मनात राग व्हताच ना बांधाचा. तो राग हातात उतरला असंल." वकील द्यायला त्यांचा जावई आला, त्यालाही त्यांनी परत पाठवले. "मी चुकलो तं मीच भोगतो. तू आपल्या घरी जाय."

हवालदार चहा पिताना म्हणाले, "साहेब, बठ्ठं गाव एकच गोट म्हणस. आबानी मारं. आबा बी तेच म्हणस. आपुन काबर डोकं लावतस?"

दुसऱ्या दिवशी मी जळगावला रुग्णालयात गेलो. शस्त्रक्रिया होऊन छरा काढला होता. तो बरगड्यांच्या फटीतून आत शिरून फुप्फुसापाशी अडकला होता. डॉक्टरांनी तो काचेच्या छोट्या बाटलीत माझ्या ताब्यात दिला. "पुढचं टोक चेपलंय," ते म्हणाले, "आणि त्या घडीत हा धागा अडकलाय बघा. शर्टाचा असणार." मी बाटली उजेडात धरून पाहिली. फिकट, चपटा, दोऱ्यासारखा एक तंतू होता. जप्ती पंचनाम्यात त्याची नोंद केली आणि बाटली सील केली. थोरल्याचा शर्टही जप्त झाला होता. तो निळा होता, आणि केळीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या शर्टासारखा चिकाच्या डागांनी भरलेला.

धाकटा रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसला होता. त्याने भावाला स्वतःच्या गाडीतून आणले होते, रक्त दिले होते, तिथेच बाकावर झोपत होता. मला पाहून तो उठला, हात जोडले.

"डॉक्टर काय म्हणाले, साहेब?"

"प्रयत्न चालू आहेत म्हणाले. तू काही खाल्लंस का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. त्याच्या शेजारी बसलेले नातेवाईक आबांच्या सात पिढ्या उद्धरत होते. एक मावशी तर म्हणाली, "त्या म्हाताऱ्याले आमच्या ताब्यात द्या, साहेब, एक घंटा पुरे." धाकटा मात्र खाली बघत राहिला.

परतताना जीपमध्ये मला दोन गोष्टींनी सोडले नाही. एक, आबांच्या शेतापासून ते अंतर. छरा इतक्या लांबून येऊन, मधली केळी चुकवून, माणसाच्या फुप्फुसापर्यंत जाईल का? दुसरी, त्या व्हरांड्यातली धाकट्याची शांतता. ज्याच्या भावाला कोणी गोळी घालते, तो शिवी देतो. निदान एकदा तरी देतो. धाकट्याने आबांना एकही शिवी दिली नव्हती.

वरिष्ठांचा फोन आला. "कबुली आहे, हत्यार आहे, वैर आहे. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"सर, पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. आणि मला ती खरीही वाटत नाही."

"तो स्वतः सांगतोय ना?"

"तो जे समजतो ते सांगतोय, सर. मला थोडी मुदत द्या."

त्यांनी मुदत दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. जप्त केलेली बंदूक सीलबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवली होती. तिथून अहवाल यायला काही महिने लागणार होते. तेवढे आबांकडे नव्हते. मग मी ठरवले, प्रयोगशाळा तिचे काम करील, तोपर्यंत मला स्वतः बघायला काय हरकत आहे? हा प्रयोग पुरावा म्हणून नव्हता. तपास कुठल्या दिशेने न्यावा एवढेच मला त्यातून हवे होते.

मुद्देमालाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. गावात त्याच कंपनीच्या, त्याच बनावटीच्या बंदुका भरपूर. मी त्यातली एक, आबांच्या बंदुकीपेक्षा नवी, एका शेतकऱ्याकडून मागून आणली. नवी अशासाठी की जे नव्या बंदुकीला जमणार नाही ते जुनीला जमण्याचा प्रश्न येत नाही. रविवारी सकाळी आमच्या वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत, भिंतीला रेतीची पोती रचून, हवालदार आणि मी कामाला लागलो. मुलांना घरात बसायला सांगितले.

पहिल्यांदा साबणाच्या वड्या लावल्या. साबण मऊ असतो, छरा किती आत गेला ते चिरून दिसते. जवळून मारला तर छरा अर्ध्या वडीत रुतला. पंचनाम्यात घेतलेल्या अंतरावरून मारला तर वडीला नुसता खळगा पडला आणि छरा टपकन खाली. ओल्या गोणपाटाच्या चार घड्या लावून पाहिल्या, तिथे तर तो रुतलाही नाही, वरच्या वर आपटून खाली पडला.

घरातून बायकोची हाक आली. तिचे माहेर साक्रीकडचे. ती रागावली की अहिराणीत बोलते.

"आंघोळना साबन कोठे गया?"

हवालदारांनी पोत्याकडे बघायला सुरुवात केली.

ती दारात आली, वड्यांची अवस्था पाहिली आणि म्हणाली, "साबनले गोळ्या घालतस! तुम्ले काय येडं लागनं का? गावमा चोर कमी पडनात का?"

"वहिनी, साहेब साबनना जबाब ली राहिनात," हवालदार म्हणाले. ती हसू दाबत आत गेली.

आता मला केळीचा खांब हवा होता, कारण आबांच्या शेतापासून ती जागा येईपर्यंत मध्ये उभी केळीच होती. शेजारच्या बागेतून घड उतरवलेला एक ताजा खांब मागून आणला आणि पोत्यांसमोर उभा केला. दिसायला तो विजेच्या खांबाएवढा जाड. आबांच्या अंतरावरून मारलेला छरा त्याच्या वरच्या सालीतच अडकला. नखाने काढता आला.

"म्हंजे आबाना छरा गया नही," हवालदार म्हणाले. "आते जवळथून मारी दखूत का?"

जवळून मारला. या वेळी छरा आत गेला, पण पलीकडे निघाला नाही. खांब आडवा करून विळ्याने चिरला. केळीचा खांब आतून कांद्यासारखा असतो, सालीवर साल, आणि प्रत्येक साल पाण्याने भरलेली. चौथ्या-पाचव्या थरात छरा सापडला. मी तो चिमट्याने उचलला आणि तळहातावर घेतला.

टोक चेपलेले होते. चेपल्याने पडलेल्या घडीत एक फिकट, चपटा तंतू अडकला होता.

मी तो उजेडात धरून फिरवून पाहिला. हवालदारांनी विचारले, काय झाले? मी म्हणालो, "शर्ट निळा होता, हवालदार. आणि डॉक्टरांच्या बाटलीतला धागा असा होता."

मी एक प्रश्न घेऊन बसलो होतो आणि खांबाने मला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. थोरल्याला लागलेला छरा केळीच्या खांबातून आरपार येऊन त्याला लागला होता. आबांच्या अंतरावरून छरा खांबाच्या सालीपलीकडे जात नाही. तशा बंदुकीने अगदी जवळून मारला तरी खांब पार होत नाही. म्हणजे बंदूक दुसरी होती, आबांच्या बंदुकीपेक्षा पुष्कळ ताकदीची, आणि ती थोरल्याच्या जवळूनच चालली होती. त्याच्या स्वतःच्या बागेतून.

दुपारीच आम्ही पुन्हा शेतावर गेलो. या वेळी मी आबांच्या बाजूला पाठ केली आणि पंपाच्या खोलीकडे तोंड केले.

इथे या भागातली एक रीत सांगायला हवी. केळीचा घड उतरवला की तिचा खांब मुळापासून तोडून टाकत नाहीत. बुंध्याशी नवे पील वाढत असते, त्याला जुन्या खांबातले पाणी मिळावे म्हणून तो छातीएवढा उभा ठेवतात. तो हळूहळू वाळत जातो. पीलबाग घेणारा कोणताही शेतकरी हा खांब घाईने तोडत नाही. ते त्याच्या मनातच येत नाही.

पंपाच्या खोलीमागे असे खांब उभे होते. लांबून काही दिसले नाही. जवळ गेल्यावर पहिल्या खांबावर मला काळ्या कडेचे एक बारीक छिद्र दिसले. मग दुसरे. मग पुष्कळ. प्रत्येक छिद्रातून चीक ओघळला होता आणि सुकून काळा पडला होता. माझ्या शर्टावरच्या डागांसारखाच. खोलीच्या भिंतीशी प्लायवूडचे तुकडे, भोके पडलेला पत्र्याचा डबा आणि खरेच सांगतो, साबणाची एक वडीही पडलेली होती. हवालदार माझ्याकडे पाहू लागले. आमच्या आधी कोणीतरी हाच प्रयोग इथे करत होते.

कडेच्या एका खांबाला छिद्र मधोमध नव्हते, बाजूला होते. तिथे खांबाची जाडी कमी. मागच्या अंगाला त्या छिद्राचे दुसरे तोंड होते, आणि तिथून सरळ रेषेत पाहिले की ती जागा समोर दिसत होती, जिथे थोरला पडला होता. पंच बोलावले, फोटो घेतले, खांबाचा तेवढा भाग कापून जप्त केला.

टोळी पळत येण्याआधीच थोरल्याजवळ पोचलेला माणूस एकच होता. त्या धाकट्याला मी पुरवणी जबाबासाठी ठाण्यात बोलावले. माझ्या खोलीत बसवले, चहा मागवला. माझा मारहाणीवर कधी विश्वास नव्हता. मार खाऊन माणूस मार थांबवणारे उत्तर देतो. खरे उत्तर कोणते, हे त्याला आपणच सुचवलेले असते.

"भाऊ कसे आहेत आज?"

"डोळे उघडले सकाळी. बोलता येत नाही अजून."

"चांगलं झालं. आबांबद्दल तुला काय वाटतं?"

तो गोंधळला. "म्हणजे?"

"बठ्ठं गाव त्यांना शिव्या घालतंय. तुझ्या मावशीने तर त्यांना ताब्यातच मागितलं होतं. तू एकदाही काही बोलला नाहीस."

मी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला खांबाचा एक तुकडा काढला. हा माझ्या प्रयोगातला होता, जप्तीतला नव्हे. टेबलावर ठेवून उलगडला. चिरलेल्या सालींमधून छऱ्याची वाट काळी पडून स्पष्ट दिसत होती.

"मी साध्या बंदुकीने मारून पाहिलं," मी म्हणालो. "आतच राहिला. तू कशाने मारलास?"

त्याने कप खाली ठेवला.

"मला वाटलं आतच राहील, साहेब." एवढे बोलून तो रडू लागला. "एवढा जाड खांब. आदल्या दिवशी तीनदा मारला होता, आतच राहिला होता. कोणता छरा किती आत जातो ते मी मोजत होतो. व्हिडिओ करत होतो. भाऊ तिकडून मोटार चालू करायला येतील हे माझ्या ध्यानातच नव्हतं."

"आदल्या दिवशी मधोमध मारला असशील."

"हो."

"त्या दिवशी कडेला लागला."

मग बंदुकीचेही त्याने सांगितले. बंदूक जास्त ताकदीची होती, परवाना लागणारी. परवाना त्याने घेतला नव्हता.

"आणि आबा?"

"त्यांच्या बंदुकीचा आवाज त्याच वेळी झाला. टोळीतली माणसं पळत आली, म्हणाली आबांनी मारली. मी काहीच म्हणालो नाही. मग गाडीत बसलो आणि तुम्हाला फोन केला तेव्हा..."

"तुरुंगाची भीती वाटली?"

"नाही साहेब. भाऊ उठले तर त्यांना काय सांगू, याची वाटली. वडील गेल्यावर मला त्यांनी शिकवलं. मी त्यांच्यावरच..."

मी त्याला पाणी दिले. त्याचे म्हणणे नोंदवले. गाडी आणायला धावताना बंदूक त्याने शेतातल्या विहिरीत टाकली होती, जागा दाखवायला तो तयार झाला. पंचांसमक्ष त्याने दाखवलेल्या ठिकाणी गळ टाकला आणि बंदूक वर आली. कबुली कोर्टात टिकत नाही, पण आरोपीने दाखवलेल्या जागेतून निघालेली वस्तू टिकते. कायद्यातली ही बारीक गोष्ट तपास करणाऱ्याने कधी विसरू नये.

आता आबांना सांगायचे होते. न्यायालयात अहवाल सादर केल्यावर त्यांची सुटका झाली. मी त्यांना माझ्या खोलीत बसवले आणि म्हणालो, "आबा, छरा तुमचा नव्हता."

त्यांना आनंद होईल असे मला वाटले होते. त्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिले.

"तुम्ही मले सोडवाले सांगून राह्यले, साहेब."

"नाही. मी मारून पाहिलंय. तुमच्या बंदुकीचा छरा तिथवर जाऊन काही करू शकत नाही."

"मंग माझा छरा कुठं गेला?"

"नाल्यात पडला असेल."

ते थोडे नाराज झाले असावेत. "चांगली बंदूक आहे माझी," ते हळू आवाजात म्हणाले. मी त्यांना साबणाची वडी दाखवली, खांबाची साल दाखवली, धागा समजावला. त्यांनी प्रत्येक गोष्ट हातात घेऊन पाहिली. सगळे पाहून झाल्यावर त्यांनी टोपी काढली, तोंड पुसले आणि विचारले, "मले जळगावले नेता का?"

रुग्णालयात थोरला उशीला टेकून बसला होता. आबा का सुटले आणि धाकटा का कोठडीत आहे, हे घरच्यांनी त्याला सांगितले होते. मला त्याचा जबाब घ्यायचाच होता, डॉक्टरांची परवानगी होती. आबा माझ्यामागून आत आले आणि खाटेपासून दूर, दाराशीच उभे राहिले. या दोन माणसांनी कित्येक वर्षांत एकमेकांशी शब्द बोललेला नव्हता.

थोरल्याने त्यांच्याकडे पाहिले. त्याला मोठ्याने बोलता येत नव्हते.

"आबा, तुमचा नेम येवढा बरा राह्यता, तं गावात एक वानर उरतं का?"

आबांच्या तोंडातून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर पडला. ते पुढे आले आणि खाटेच्या कडेला बसले. थोरल्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. मी कागद काढून बसलो आणि लिहायची घाई केली नाही.

नंतर जबाबात थोरला म्हणाला, "मी पडलो तवा धाकट्यानं डोकं मांडीवर घेतलं. सारखं म्हणे, मला वाटलं आतच राहील, आतच राहील. मले कळे ना, कशाच्या आत? शुद्धीवर आलो तं तोच इचार व्हता डोक्यात." आणि मग, "लिहा साहेब. खरं हाये ते लिहा. पण त्यानं मुद्दाम नाही केलं, हे बी लिहा."

मी दोन्ही लिहिले. दोन्ही खरे होते. धाकट्याने न्यायालयात काहीही नाकारले नाही आणि जी शिक्षा झाली ती भोगून तो परत आला. प्रयोगशाळेचा अहवालही यथावकाश आला. तंतू केळीचाच होता आणि छरा विहिरीतल्या बंदुकीशी जुळत होता. त्या मधल्या काळात दोन्ही बागांची कापणी आबांच्या देखरेखीखाली झाली, असे हवालदारांनी मला सांगितले.

खोटे बोलणारा माणूस कसा ओळखावा, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. नजर, घाम, जबाबातली विसंगती. प्रामाणिक माणूसही मनापासून, कोणाला वाचवायचे नसताना, चुकीचे सांगू शकतो, हे मला शिकवले आबांनी. त्यांनी आवाज ऐकला, आरडा ऐकला, स्वतःच्या मनातला राग त्यांना ठाऊक होता, आणि मधली जागा त्यांनी स्वतःच भरून काढली. गावाने तेच केले. आम्ही पोलिसांनी ते तसेच लिहून घेतले असते तर कागदोपत्री कुठलीही चूक राहिली नसती.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणीही माझ्यासमोर गुन्हा कबूल केला, की मी पेन खाली ठेवत असे आणि आधी एकच प्रश्न विचारत असे, "हे तुम्ही केलं, हे तुम्हाला कसं कळलं?" बहुतेकांना तो प्रश्न वेडगळ वाटे. ज्याने खरोखर केलेले असे, तो लगेच उत्तर देत असे. जो थांबून विचार करू लागे, त्याच्या बाबतीत मी पुन्हा घटनास्थळी जात असे.